‘अलाऊ’ दाबू का ताई? स्लॅकला ॲप्स जोडण्याबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या वेळी स्लॅकवर, म्हणजे टीमनं एकमेकांना मेसेज करायच्या ॲपवर, चॅनल (एकेका विषयाचे वेगळे कट्टे) कसे पाडायचे ते लिहिलं आणि पत्रांचा विषयच बदलला, आता सगळ्यांना त्यात बाहेरची ॲप्स आणायची आहेत. आणा की. नाव कुणाचंच छापत नाहीये, कारण अर्ध्या पत्रांत साहेबांच्या तक्रारी आहेत. मेनूंची आणि कमांडची नावं मी देवनागरीत लिहिलीत, स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजीतच करायची आहेत, एवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न: ताई, आमच्या टीमनं नुकतंच स्लॅक घेतलंय. मॅनेजर म्हणाले, गूगल ड्राइव्ह आणि कॅलेंडर जोडून टाक, आणि मी हो म्हणून बसले. पण जोडायचं म्हणजे नक्की काय? ड्राइव्ह तर ब्राउझरमध्ये उघडतंच की! आणि काही बिघडलं तर माझ्यावर येणार ही भीती आहेच.

आधी भीतीचं बघू. ॲप जोडल्यानं तुमचे चॅनल, जुने मेसेज, फायली यातलं काही हलत नाही, आणि नको झालं तर ॲप काढूनही टाकता येतं. तेव्हा करून बघायला हरकत नाही.

आता जोडणं म्हणजे काय, तर दोन वेगळ्या सेवांची एकमेकींशी ओळख करून देणं, म्हणजे इकडचं तिकडे आपोआप कळतं. तुम्ही ड्राइव्हची लिंक चॅनलमध्ये टाकली आणि समोरच्यांना ती फाइल उघडायची परवानगीच नसेल, तर ड्राइव्ह जोडलेलं असताना स्लॅक तिथल्या तिथे विचारतं की बाबा यांना परवानगी द्यायची का. फाइलवर कुणी कमेंट केली तर तुम्हाला स्लॅकमध्येच कळतं. कॅलेंडर जोडलं की मीटिंगच्या आधी आठवण येते, सकाळी दिवसभराचं वेळापत्रक येतं आणि तुम्ही मीटिंगमध्ये असाल तर नावापुढे तसं स्टेटस आपोआप लागतं, म्हणजे लोक ‘आहेस का, आहेस का’ करत बसत नाहीत. माझ्या मते एवढ्यासाठी तरी कॅलेंडर जोडावंच.

रस्ता असा. ब्राउझरमधून स्लॅक मार्केटप्लेस उघडा (आधी याला ॲप डिरेक्टरी म्हणायचे, जुन्या व्हिडिओंत तेच नाव ऐकू येईल), ॲपचं नाव शोधा, ‘ॲड टू स्लॅक’ दाबा, वरच्या कोपऱ्यात बरोबर वर्कस्पेस (म्हणजे तुमच्या टीमचं स्लॅक) निवडलेला आहे ना ते बघा, कारण दोन-तीन वर्कस्पेस असणारे लोक हमखास भलत्याच ठिकाणी ॲप टाकतात, मग परवानगीचं पान येईल, ते वाचा आणि ‘अलाऊ’. तुम्हाला ‘ॲड’ऐवजी ‘रिक्वेस्ट’ असं काही दिसलं तर तुमच्या वर्कस्पेसमध्ये ॲडमिनची मंजुरी लागते, कारण लिहून विनंती पाठवा आणि वाट बघा, दुसरा इलाज नाही.

आणि जिथे बहुतेक नवशिके अडकतात ते हे: यात दोन पायऱ्या आहेत. वर्कस्पेसमध्ये ॲप एकदाच येतं, पण आपापलं गूगल अकाउंट प्रत्येकानं स्वतः जोडायचं असतं. तुम्ही तुमचं जोडलंत म्हणून शेजारच्याचं कॅलेंडर जोडलं जात नाही, आणि तसं होता कामाही नये. तेव्हा तुमचं काम झालं की टीमला एक ओळ टाका, ‘कॅलेंडर ॲप आलंय, ज्यानं त्यानं आपलं अकाउंट जोडून घ्या’, नाहीतर चार दिवसांनी मॅनेजर विचारतील की मला तर काहीच येत नाहीये, तू जोडलंस ना?

प्रश्न: मी ‘अलाऊ’च्या पानापर्यंत जाते आणि परत येते. तिथे लिहिलेलं असतं की हे ॲप तुमचे मेसेज बघू शकेल, तुमच्या वतीनं काहीतरी करू शकेल. म्हणजे मी मैत्रिणीशी खासगीत जे बोलते ते सगळं त्या कंपनीला दिसणार का? सगळे सहकारी म्हणतात काही होत नाही गं, दाब. पण मला पटत नाही.

नाही पटलं तेच बरं आहे. ते पान वाचणारे लोक कमी आणि ते वाचायला फार तर दोन मिनिटं लागतात.

त्या पानावर साधारण दोन भाग असतात. एक, हे ॲप काय बघू शकेल, आणि दुसरा, ते काय करू शकेल. प्रत्येक ओळीमागे एक ठरावीक परवानगी असते, त्यांना स्कोप म्हणतात. एक स्कोप चॅनलची नुसती यादी बघायचा, दुसरा पब्लिक चॅनलमधले मेसेज वाचायचा, तिसरा मेसेज टाकायचा, फायलींचा आणखी वेगळा. ॲपनं जेवढे मागितले आणि तुम्ही जेवढे दिले तेवढेच त्याला मिळतात, एक दिला म्हणून बाकीचे मागनं येत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न, खासगी मेसेज. इथे एक फरक नीट समजून घ्या म्हणजे बाकी सोपं आहे. ॲप दोन प्रकारे वावरतं. एक, बॉट म्हणून, स्वतःच्या नावानं. बॉटला खासगी मेसेज वाचायची परवानगी असली तरी ते मेसेज म्हणजे त्याच्याशी झालेलं बोलणं, तुमचं आणि मैत्रिणीचं नव्हे, कारण त्या संभाषणात बॉट मुळात नाहीच. प्रायव्हेट चॅनलचंही तेच, तिथे त्याला कुणीतरी बोलावल्याशिवाय आतलं दिसत नाही. दुसरा प्रकार, तुमच्या वतीनं, म्हणजे तुमच्याच नजरेनं. इथे जर त्याला खासगी मेसेजचा स्कोप दिला तर जे तुम्हाला दिसतं ते त्याला दिसू शकतं, मैत्रिणीचं बोलणं धरून. म्हणून ‘तुमच्या वतीनं’ किंवा ‘तुमचे डायरेक्ट मेसेज’ असे शब्द त्या पानावर दिसले की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, याच्या कामाला हे लागतं का? शोध घेणाऱ्या ॲपला कदाचित लागेल. नुसता पोल घेणाऱ्या ॲपला तुमचे खासगी मेसेज कशाला हवेत? काही कारण दिसत नाही ना, मग ‘कॅन्सल’. दुसरं ॲप मिळतं.

मार्केटप्लेसमध्ये असलेली ॲप्स स्लॅकनं तपासून घेतलेली असतात हे खरं, पण तपासलं म्हणजे तुमचा डेटा ती कंपनी कुठे ठेवते, किती दिवस ठेवते याची हमी स्लॅक देतं असं नाही, ते त्या कंपनीच्या प्रायव्हसी पॉलिसीत बघायचं. ॲपच्या पानावर तिची लिंक असते. सगळी वाचा असं नाही म्हणत, ‘रिटेन्शन’ (डेटा किती दिवस ठेवतात) आणि ‘डिलीट’ हे दोन शब्द शोधून त्यांच्या आजूबाजूचं वाचा, पुष्कळ कळतं.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. काही चॅनल दुसऱ्या संस्थेबरोबर शेअर केलेले असतात, त्याला स्लॅक कनेक्ट म्हणतात. तिथे ॲप जे टाकेल ते बाहेरच्या लोकांनाही दिसणार. क्लायंटबरोबरच्या चॅनलमध्ये आतल्या कामांची यादी ओतणारा बॉट कुणालाच नको असतो. जोडण्याआधी चॅनलमध्ये कोण कोण आहे ते बघा.

प्रश्न: ॲप जोडलं, ‘सक्सेस’ असं हिरवं पानही आलं, पण आमच्या चॅनलमध्ये ते काहीच बोलत नाही. दोनदा काढून परत टाकलं. मी काय चुकवतोय?

काही चुकवत नाहीयेस, तू त्याला चॅनलमध्ये बोलावलंच नाहीयेस. वर्कस्पेसमध्ये येणं वेगळं आणि चॅनलमध्ये येणं वेगळं, माणसांचंही तसंच असतं ना. चॅनलमध्ये स्लॅश टाकून इनव्हाइट लिही आणि पुढे ॲट द रेट लावून ॲपचं नाव, झालं. किंवा चॅनलच्या नावावर क्लिक कर, ‘इंटिग्रेशन्स’ टॅब, तिथून ‘ॲड ॲप’. प्रायव्हेट चॅनल असेल तर हे करावंच लागतं.

तरी गप्प असेल तर बघ की त्यानं बोलावं असं तू काही सांगितलंयस का. कितीतरी ॲप्स आपणहून काहीच करत नाहीत, त्यांना कशावर लक्ष ठेवायचं ते सांगावं लागतं. उदाहरणार्थ आरएसएसचं ॲप (आरएसएस फीड म्हणजे वेबसाइटवरच्या नव्या लेखांची आपोआप येणारी यादी), त्याला स्लॅश फीड सबस्क्राइब आणि पुढे फीडचा पत्ता असं दिलं तरच नवीन लेख आला की ते चॅनलमध्ये टाकतं. आणि कधी कधी ॲप बोललेलं असतं, पण ते फक्त तुलाच दिसतं, त्या मेसेजवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. तू म्हणतोस सगळ्यांना उत्तर आलं आणि बाकीचे म्हणतात कुठे काय, तर भांडण्याआधी ती बारीक ओळ वाच.

प्रश्न: आम्ही डेव्हलपर आठ जण. एकानं उत्साहात गिटहब जोडलं आणि आता मुख्य चॅनलमध्ये माणसांचं बोलणं शोधावं लागतं, सगळीकडे बॉटच. काढून टाकू म्हटलं तर तो नाराज होतो. मधला मार्ग?

आहे, आणि त्याला नाराज न करता आहे. गिटहब म्हणजे कोड ठेवायची जागा, आणि रिपॉझिटरी म्हणजे तिथलं एकेका प्रोजेक्टचं कपाट. स्लॅश गिटहब सबस्क्राइब लिहून पुढे रिपॉझिटरीचं नाव दिलं की ते ॲप आपणहून इश्यू (अडचणींच्या नोंदी), पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती), कमिट (कोडमधला एकेक नोंदवलेला बदल), रिलीज आणि डिप्लॉयमेंट एवढं सगळं पाठवायला लागतं. एवढं सगळं तुम्ही मागितलंच नव्हतं, ती त्याची सुरुवातीची सेटिंग आहे. तेव्हा आधी कमिट बंद करा, स्लॅश गिटहब अनसबस्क्राइब, रिपॉझिटरीचं नाव आणि शेवटी कमिट्स हा शब्द. निम्मा गोंगाट तिथेच जाईल, कारण कमिट बघायला लोक गिटहबवर जातातच, स्लॅकवर ते वाचून कुणी काही करत नाही. पुल रिक्वेस्ट ठेवा, त्यावर कुणीतरी रिव्ह्यू करायचा असतो, म्हणजे त्या मेसेजनंतर एखाद्याला काहीतरी काम आहे. मी ॲपच्या प्रत्येक सूचनेला हीच कसोटी लावते: हे वाचून कोण काय करणार? उत्तर ‘कुणी काही नाही’ असेल तर ती सूचना बंद. इश्यू खूप येत असतील तर लेबल लावून गाळता येतात, म्हणजे फक्त बग लेबलचेच यावेत असं.

आणि हे सगळं मुख्य चॅनलमधून उचलून वेगळ्या चॅनलमध्ये न्या. ज्याला हवं तो तिथे जाईल, ज्याला नको तो म्यूट करेल. मुख्य चॅनल कुणी म्यूट करू लागलं ना, की समजा तुम्ही एकमेकांशी बोलायची जागा घालवली.

प्रश्न: फुकटचा प्लॅन आहे. ‘ॲपची मर्यादा संपली’ असं येतंय. आम्ही तर पाच-सहाच वापरतो! पैसे भरायला लावायची युक्ती आहे का ही?

युक्ती म्हणा हवं तर, पण नियम पहिल्यापासून लिहिलेला आहे, स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये दहा ॲप्सच जोडता येतात. वापरता पाच-सहा, पण जोडलेली दहा असणार, कारण करून बघू म्हणून टाकलेली कुणी काढलेली नसतात. वर्कस्पेसच्या सेटिंगमधून ‘मॅनेज ॲप्स’मध्ये जा, यादी बघा, जे ओळखू येत नाही त्याबद्दल जनरल चॅनलमध्ये विचारा, ‘हे कोण वापरतंय? परवापर्यंत कुणी बोललं नाही तर काढतेय’, आणि खरंच काढा. ॲप काढलं तरी त्यानं आधी टाकलेले मेसेज चॅनलमध्ये राहतात.

मग असंही बघा की काही कामांना ॲप लागतच नाही. आठवण करून द्यायला स्लॅश रिमाइंड स्लॅकमध्येच आहे. पोलसाठी वेगळं ॲप बऱ्याच वेळा कशाला हवं, प्रश्न लिहा, खाली ‘गुरुवारला अंगठा, शुक्रवारला टाळ्या’ असं लिहा आणि लोकांना इमोजी दाबू द्या, मोजणी आपोआप होते. गुप्त मतदान हवं असेल तर मात्र ॲप घ्या, इमोजीवर कुणी दाबलं ते सगळ्यांना दिसतं.

जाता जाता, जुन्या लेखांत वाचाल की फुकट प्लॅनवर बॉटचे मेसेज कमी ठेवा, नाहीतर माणसांचे मेसेज दिसेनासे होतील. ते 2022 पर्यंत बरोबर होतं, तेव्हा शेवटचे 10,000 मेसेजच दिसायचे आणि बॉट ते खाऊन टाकायचे. आता हिशोब दिवसांवर आहे, शेवटचे 90 दिवस दिसतात, बॉट कितीही बडबडला तरी.

प्रश्न: आमची स्वयंसेवकांची छोटी टीम आहे. ऑनलाइन फॉर्म कुणी भरला की चॅनलमध्ये मेसेज यावा एवढंच हवंय. एका मित्रानं ‘वेबहूक’ बनवून दिला, चालतोय मस्त. त्याची लिंक हरवू नये म्हणून मी ती सगळ्यांच्या शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये पेस्ट करून ठेवली. चांगलं केलं ना?

वेबहूक चांगला. लिंक पेस्ट करून ठेवली ते नाही, ती आजच्या आज काढा.

वेबहूक म्हणजे स्लॅकनं तुमच्या एका चॅनलसाठी बनवून दिलेला पत्ता, त्या पत्त्यावर जो कुणी मजकूर पाठवेल तो त्या चॅनलमध्ये उमटतो. पाठवणारा कोण आहे हे स्लॅक विचारत नाही, पासवर्ड मागत नाही, तो लांबलचक पत्ता हाच पासवर्ड. म्हणजे ते डॉक्युमेंट ज्याच्या हातात पडेल तो तुमच्या चॅनलमध्ये तुमच्या बॉटच्या नावानं काहीही लिहू शकतो, ‘इथे क्लिक करून माहिती भरा’ असंसुद्धा, आणि लोक विश्वास ठेवतील कारण बॉट ओळखीचा आहे. दिलासा एवढाच की या पत्त्यावरून कुणाला तुमचे मेसेज वाचता येत नाहीत, तो फक्त लिहायचा रस्ता आहे.

काय करायचं: मित्राला सांगा, स्लॅकच्या डेव्हलपर पानावर त्या ॲपच्या ‘इनकमिंग वेबहूक्स’मध्ये जुना पत्ता डिलीट कर आणि नवीन बनव, मग फॉर्मच्या बाजूला नवीन टाक. डॉक्युमेंटमधून नुसती ओळ पुसून भागत नाही, जुनी आवृत्ती हिस्टरीत राहते, म्हणून पत्ताच बदलायचा. इंटरनेटवर उघड्या पडलेल्या अशा लिंका स्लॅक स्वतःही शोधून रद्द करतं, म्हणजे एखाद्या दिवशी काही कारण नसताना मेसेज यायचे थांबले तर ही शक्यता बघा. नवा पत्ता पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. आणि फॉर्ममध्ये लोक फोन नंबर, पत्ते भरत असतील तर ते सगळं चॅनलमध्ये ओतू नका, ‘नवीन फॉर्म आलाय’ आणि शीटची लिंक पुरते, ज्याला परवानगी आहे तो उघडून बघेल.

प्रश्न: ‘डिस्पॅच फेल्ड’ म्हणजे काय हो? कमांड टाकली की लाल अक्षरांत येतं.

म्हणजे तुमची कमांड स्लॅकनं ॲपच्या सर्व्हरपर्यंत न्यायचा प्रयत्न केला आणि तिकडून धड उत्तर आलं नाही. ॲपनं तीन सेकंदांत हुंकार द्यायचा असतो, उशीर झाला तर ‘टाइमआउट’चा मेसेज येतो, त्याचा भाऊच तो. तुमच्या बाजूनं काही करण्यासारखं नाही, थोड्या वेळानं परत टाका, सारखंच व्हायला लागलं तर ॲपवाल्यांना लिहा. कमांडचं स्पेलिंग चुकलं तर येणारा मेसेज वेगळा असतो, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

प्रश्न: सगळी ॲप्स ज्यानं जोडली होती तो सहकारी नोकरी सोडून गेला. त्याचं अकाउंट बंद केल्यावर काही बॉट चालू आहेत, काही मेलेत. हे असं अर्धवट का?

वर बॉट आणि ‘तुमच्या वतीनं’ असा फरक सांगितला ना, तोच इथे आडवा आलाय. बॉटची चावी कुणा माणसाशी बांधलेली नसते, जोडणारा गेला तरी तो बोलत राहतो. जे ॲप त्याच्या वतीनं काम करत होतं त्याची चावी मात्र त्याच्या अकाउंटबरोबर गेली. झेपियरसारख्या, म्हणजे दोन ॲप्स एकमेकांना जोडून देणाऱ्या, सेवेतून त्यानं काही जोडणी केली असेल तर ती त्याच्या तिथल्या अकाउंटमध्ये आणि त्याच्या स्लॅक लॉगिनवर चालत असणार, तीही बंद पडते, आणि त्रास असा की चॅनलमध्ये काही येत नाहीये हे लक्षात यायला दिवस जातात, कारण न आलेला मेसेज दिसत नाही.

आता मेलेली ॲप्स कामाची असतील तर दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या अकाउंटनं परत जोडायची. पण जी चालू आहेत त्यांचीही एकदा यादी करा: ॲपचं नाव, कशासाठी, कुठल्या चॅनलमध्ये, कुणी जोडलं, आणि बाहेरच्या सेवेतलं अकाउंट कुणाचं. ही यादी चॅनलमध्येच पिन करून ठेवा. पुढच्या वेळी कुणी जाणार असेल तर अकाउंट बंद करायच्या आधी ती उघडायची, त्याच्या नावापुढच्या जोडण्या त्याच्यासमोर दुसऱ्याच्या नावावर करून घ्यायच्या. तो सहकारी अजून फोन उचलत असेल तर झेपियरचं आजच विचारून घ्या.

प्रश्न: आम्ही स्लॅक नाही, मायक्रोसॉफ्ट टीम्स वापरतो. तुमचं हे सगळं आम्हाला लागू आहे का?

परवानगी वाचणं, वेगळा चॅनल, यादी, हे सगळं जसंच्या तसं. बटणं वेगळी. एकच सांभाळा, टीम्सबद्दलच्या जुन्या लेखांत ‘कनेक्टर’ (बाहेरच्या सेवेचे मेसेज चॅनलमध्ये आणणारा दुवा) जोडा असं लिहिलेलं सापडेल, ते कनेक्टर बंद करणार असल्याचं मायक्रोसॉफ्टनं जुलै 2024 मध्ये जाहीर केलं आणि त्यांच्या जागी वर्कफ्लोज (टीम्समध्ये आपोआप कामं करून घ्यायची सोय) वापरायला सांगितलं. तेव्हा नवीन काही करताना वर्कफ्लोजच वापरा, आणि आधीचा कनेक्टर कुठे चालू असेल तर तो कुणी बनवला होता ते आत्ताच शोधून ठेवा.